माझ्या कडेतून निसटलेला श्वास

मी मास्क बोलतोय. दवाखान्यातला नव्हे, धावपटूंची चाचणी घेतात त्या खोलीतला. ट्रेडमिलशेजारच्या खिळ्याला माझं घर. रबराची कड, मागे पट्टे, पुढे यंत्राकडे जाणारी नळी. धावणाऱ्याचा श्वास इकडेतिकडे जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. एका ठरलेल्या वेगाला कोण किती ऑक्सिजन खर्चतो, ते त्यावरून कळतं. कमी खर्चात तोच वेग राखणारा लांब पल्ल्याला टिकतो. संसारासारखंच आहे ते.

तोंडावर मी चढलो की माणसाची बढाई थांबते. उरतो तो नुसता श्वास. मला तो फार आवडायचा.

एकदा एक धावपटू पोरगी तिच्या मामाबरोबर आली. आई गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं, धावायलाही त्यानेच शिकवलं. या चाचणीवर तिची संघातली निवड ठरणार होती.

"मामा, घट्ट कर ना. सरकतोय."

"गप गं. धावायचंय की गळफास घ्यायचाय?"

असं म्हणत त्याने हनुवटीखालचा पट्टा गुपचूप सैल केला. चाचणी घेणाऱ्या बाई यंत्राच्या पडद्याकडे बघत होत्या. ती धावू लागली आणि तिचा श्वास माझ्या कडेतून निसटू लागला. यंत्रापर्यंत पोचलाच नाही, तो मोजणार कोण? खर्च कमी दिसला.

"एवढ्याशा ऑक्सिजनवर धावते मी?"

"मग! भाची कुणाची?"

तिची निवड झाली. त्या आकड्यावर विसंबून तिने शर्यतीत न झेपणारा वेग धरला. अर्ध्या वाटेनंतर पाय उचलेनात. शेवटी तिला स्ट्रेचरवरून आणावं लागलं.

बरी झाल्यावर ती मामाला घेऊन पुन्हा त्या खोलीत आली. "मामा, माझा आकडा खोटा होता का रे?"

त्याने मला खिळ्यावरून काढून तिच्यापुढे धरलं. "हा मेला जुना झालाय. कड गेलीय याची. गळत होता."

इतके श्वास सांभाळले, त्याचं हे फळ.

तिने मला हातात घेतलं. माझ्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. ना चीर, ना भेग; ते कुठेच अडलं नाही. तिने मामाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"असेल," ती म्हणाली, आणि मला कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

खिळ्याला आता नवा मास्क आहे. तो बांधायलाही मामाच येईल. पोरी, त्याला खोटं पाडू नकोस हवं तर. पण पट्टा तेवढा स्वतःच्या हाताने ओढ.