छत्री की वायर?

"काका, तुमच्या वाट्याची गुंडाळी कुठं गेली?" शिडीवरून नेटवाल्या कल्याणने विचारलं.

"कसली गुंडाळी?"

"वायरीची. दोन वर्सामागं ह्याच भिंतीवर सोडल्ती मी. चांगली पन्नास फूट."

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या भुजंगरावांनी मान वर केली. "तू सोडल्ती? कुणाच्या सांगण्यावरून?"

"रामप्रसादकाकांच्या. त्यांचं नेट जोडून राह्यल्तो, तवा म्हणले, भुजंगच्या बाजूनं बी सोडून ठेव. हट्टानं टीव्हीची छत्री घेतली त्यानं, पण लेक पुण्याला हाय त्याची, आज ना उद्या नेट लागंलच. मंग त्याला माझ्या दारात मागायला यायचं काम पडू न्हाई."

आष्टीत दोघा भावांची घरं एकाच भिंतीला लागून. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं तुटलं, त्याला अकरा वर्षं झाली. गावात नेट आलं तेव्हा खांब नेमका थोरल्या रामप्रसादच्या अंगणात उभा राहिला. वायर हवी तर त्याच्या पत्र्यावरून आणावी लागणार, म्हणजे त्याला विचारावं लागणार. भुजंगरावांनी टीव्हीची छत्री बसवली आणि पारावर जाऊन सांगितलं, "छत्रीला कुणाच्या बापाची परवानगी लागत न्हाई! वरून येतंय, थेट!" दुसऱ्याला अपशकून करायला स्वतःचं नाक कापणारी माणसं असतात, त्यातलेच हे. छत्रीवर मालिका दिसायच्या, बातम्या दिसायच्या, नातू काही दिसायचा नाही. घरात फोनला रेंज नाही, म्हणून त्याचं तोंड पाहायला त्यांची बायको दैवशालाबाई फोन घेऊन पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढायच्या. गेल्या आठवड्यात तिथूनच पडल्या. हात प्लास्टरमध्ये, म्हणून आज नेट घ्यायची पाळी आली.

आणि ती गुंडाळी! ती त्यांनीच कापली होती, विळ्याने, आली त्याच दिवशी. कापून थोरल्याच्या अंगणात फेकली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले होते, "आज वायर सोडली, उद्या भिंत सरकवशीन!" रामप्रसाद बाहेर आला, वाकून गुंडाळी उचलली आणि आत गेला. एक शब्द बोलला नाही. तो बोलला नाही म्हणून त्या दिवशी भुजंगरावांना जिंकल्यासारखं वाटलं होतं.

आता रामप्रसादला जाऊन चाळीस दिवस झाले होते. भुजंगरावांनी खांदा दिला, डोकं भादरलं, दहा दिवस सुतक पाळलं. भावकीचं सगळं बराबर केलं. बोलायचं तेवढं राहिलं.

"काका, मंग वायर कशी न्यायची?" कल्याण खाली उतरला.

"थांब. इचारून येतो."

शेजारच्या दारापर्यंत वीस पावलं. सोनूबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. दिराला पाहून त्यांनी पदर सावरला, सूप खाली ठेवलं.

"वहिनी, नेटची वायर न्यायची व्हती. तुमच्या पत्र्यावरून."

"पत्र्यावरून नका नेऊ भावजी, माकडं तोडतेत. मधल्या भिंतीलाच भोक पाडा की."

एवढंच? भांडली असती, दारातून हाकललं असतं, तर बरं झालं असतं. भुजंगराव तिथंच उभे.

"वहिनी, ती वायर मीच कापल्ती."

"म्हाईत हाय."

"दादा काय म्हणला?"

सोनूबाईंनी सूप पुन्हा उचललं. "काय म्हणतेत? त्या दिवशी जेवले न्हाईत."

कल्याणने भिंतीला मशीन लावलं. जुनी मातीची भिंत, तिला कितीसा वेळ लागणार! आतल्या खोलीत धुळीचा लोट उठला. वायर ओढून झाली, वायफायचा डबा लागला, डब्यावरचा दिवा हिरवा झाला. दैवशालाबाईंनी चांगल्या हाताने फोन धरला आणि पुण्याहून संध्याचा आवाज आला, "आई! घरातूनच बोलून राह्यली का तू?" मागे नातू ओरडत होता. "अहो, या ना लवकर," बाई म्हणाल्या, "तुम्हालाच हाका मारतोय बघा!"

भुजंगराव भिंतीपाशी उकिडवे बसले होते. वायरीच्या कडेने बोटभर फट राहिली होती. पलीकडे रामप्रसादची खाट दिसत होती, पायथ्याशी घडी केलेली गोधडी. अकरा वर्षं हा माणूस एका हाताच्या अंतरावर झोपत होता.

"काका, जरा सरकता का? भोक बुजवायचंय," कल्याण पांढरी पुट्टी मळत म्हणाला.

"बुजव की," भुजंगराव म्हणाले.

कल्याण थांबला. पुट्टी बोटांवर वाळायला लागली, तरी ते काही सरकले नाहीत.