खोडलेले आकडे

“सिस्टर, एक गंमत बघा,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागद टेबलावर फिरवून पुढे सरकवला. “तुमच्या शाळेतली पोरं धूळ वाढली की जास्तच जोरात फुंकतात. धूळ अंगी लागतेय म्हणायची!”

सिस्टरही हसल्या. कागदावर दोन रेघा होत्या. काळी रेघ शाळेच्या गच्चीवरच्या यंत्रानं रोज मोजलेल्या धुळीची, निळी मुलांच्या श्वासाची. काळी वर चढली की निळी खाली यायला हवी होती. ती खाली येत नव्हती, उलट थोडी वरच जात होती.

“म्हणजे वाईट का, मॅडम?”

“मुलांच्या दृष्टीनं चांगलंच की. पण गुरुवारी बैठक आहे. शाळेच्या वेळात समोरच्या रस्त्यावरचे ट्रक बंद ठेवा म्हणून आपण सांगायला जाणार, आणि आपलाच कागद म्हणणार, ट्रकनं काही होत नाही. मग बसा बोंबलत. पुढची पाच वर्षं कुणी विचारायचं नाही.”

सिस्टरांच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं. त्यांनी मात्र निळ्या रेघेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

“मी एकदा तपासून आणते,” त्या म्हणाल्या आणि कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडल्या.

एकतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. डॉक्टर मॅडमच्या पाहणीचं हे काम सहा महिन्यांचं. रोज सकाळी तिसरीच्या चाळीस मुलांना एकेक करून बोलवायचं, हातात प्लॅस्टिकची नळी द्यायची आणि छातीत हवा भरून फुंकायला सांगायचं. नळीवरचा काटा पुढे सरके. तीन वेळा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा त्या दिवसाच्या रकान्यात लिहायचा. मुलांनी त्यांचं नाव फुंकणीबाई ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

चूक कुठे झाली, हे त्यांना वाटेतच कळलं होतं. फक्त ती केवढी होती, ते कळायचं होतं.

धुळीच्या दिवशी सात-आठ मुलं खोकतच यायची. काटा निम्म्यावरच अडकायचा. मग मागची रांग ओरडायची, “पंक्चर! पंक्चर!” फुंकणाऱ्या पोराचे डोळे भरून यायचे.

“गप्प बसा रे टवाळांनो,” सिस्टर दटावत. मग पोराच्या पाठीवर हात फिरवून म्हणत, “आज राहू दे, राजा. खोकला गेला की फुंक.” आणि लिहिलेला आकडा खोडत. दोन-तीन दिवसांनी पोर बरं झालं, की त्याच रिकाम्या रकान्यात नवा आकडा भरत. रकाना रिकामा ठेवणं त्यांना जमत नसे.

यात लबाडी आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. वॉर्डात रडणाऱ्या मुलाची नाडी मोजत नाहीत. त्याला आधी शांत होऊ देतात, मग मोजतात. त्या तेच करत होत्या.

त्याच वर्गात त्यांची नात होती. सारखी बोलते म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. शाळेत आजी म्हणायचं नाही, सिस्टर म्हणायचं, अशी सक्त ताकीद होती. म्हणून ती “सिस्टर आजी” म्हणायची.

“सिस्टर आजी, आज पण उद्याच का?” गेल्या महिन्यात तिनं आनंदानं विचारलं होतं.

“हो गं बाई, उद्याच. जा, पळ.”

ती पळाली नव्हती, चालत गेली होती. हे सिस्टरांना आत्ता आठवलं.

मोजणीच्या खोलीत त्यांनी गठ्ठा खिडकीशी नेला. बाहेरून ट्रक गेला की तावदानं थरथरत. शिसपेन दाबून लिहायची त्यांची जुनी सवय. तीन-तीन कार्बन घालून लिहिण्यात हाताला लागलेली. रबरानं आकडा पुसला गेला तरी कागदावर त्याचा खड्डा राहिला होता. कागद तिरका धरला की जुना आकडा उजेडात वर येत होता.

शाळेचा शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन आला. “काय सिस्टर, एक्स-रे बघताय का?”

“हो रे.”

“कुणाचा?”

त्यांनी कागद आणखी तिरका धरला. तो तांब्या ठेवून गेला.

एकेक आकडा ओळखून त्या कोऱ्या कागदावर लाल शाईनं उतरवू लागल्या. तास गेला. सतराव्या ओळीशी त्यांचा हात मंदावला. दोनशे दहा. दोनशे पाच. एकशे ऐंशी. मग एकशे पासष्ट, एकशे पन्नास. पुन्हा एकशे पन्नास. एकशे तीस. शेवटचा एकशे वीस.

यातला प्रत्येक आकडा त्यांनीच लिहिला होता आणि त्यांनीच खोडला होता. एका रांगेत मात्र आज पहिल्यांदा पाहत होत्या.

टिटवी हल्ली जिन्यात मधेच थांबायची. कठड्याला धरून काहीतरी सांगत बसायची. अर्धं वाक्य, मग थोडी गप्प, मग पुढचं. किती बडबडते ही कार्टी, असं म्हणत त्या दोन पायऱ्या वर उभ्या राहून हसायच्या. तिला सांगायचं काहीच नसेल. ती दम घेत असेल.

लाल आकड्यांच्या कागदाची घडी घालावी आणि पर्समध्ये टाकावी, असं वाटलं. नातीला आपण गुपचूप दुसरीकडे दाखवू. कुणाला काय कळतंय? एकतीस वर्षांत एक बोट कुणी दाखवलं नव्हतं. आता चौकशी होईल. शाळेत, गल्लीत, मुलासमोर, सुनेसमोर. सिस्टरनं खोटे आकडे भरले.

बाहेर एकामागोमाग तीन ट्रक गेले.

डॉक्टर मॅडमच्या दारापाशी त्या बराच वेळ उभ्या होत्या. एकदा परतही फिरल्या. मग आत गेल्या.

“मॅडम, धुळीच्या दिवशी मुलं जोरात फुंकत नव्हती. ज्यांना फुंकता येत नव्हतं, त्यांचा आकडा खोडून मी त्यांना वर्गात परत पाठवत होते. बरी झाली की त्यांचा आकडा मागच्या तारखेला भरत होते.”

मॅडमना समजायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा उतरला.

“किती वेळा?”

“एकशे चौदा.”

“मोजलंत?”

“दोनदा.”

“सिस्टर, काय करून बसलात हो! हे आकडे मला वापरता येतील की नाही, तेही माहीत नाही. बैठकीत सगळं सांगावं लागेल. तुमचं नावही.”

“सांगा.”

“आणि उद्यापासून तुम्हाला...”

“खोलीची किल्ली आणलीय,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी ती टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी लाल आकड्यांचा कागद ठेवला.

मॅडम कागद वाचू लागल्या. त्यावर मुलांची नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. त्यांचं बोट एकेक ओळ उतरत खाली आलं आणि थांबलं.

“हे मूल कोण?” त्यांचा आवाज बदलला होता. “याला आजच्या आज तपासायला हवं. अहो, एवढे दिवस घरच्यांच्या लक्षात कसं आलं नाही? बोलवून घ्या त्यांना.”

“घरची मीच आहे, मॅडम.”

“म्हणजे?”

“नात आहे माझी.”

मॅडमनी उठून खुर्ची पुढे ओढली. सिस्टर काठावर टेकल्या. मॅडमनी खणातून केसपेपर काढला आणि हळू आवाजात विचारायला सुरुवात केली.

“वय?”

“आठ.”

“धाप कधीपासून लागते?”

हा प्रश्न सिस्टरांनी वॉर्डात किती आयांना विचारला असेल, त्याची गणती नव्हती. उत्तर न देणाऱ्या आयांचा त्यांना फार राग यायचा. लक्ष कुठे असतं यांचं, असं त्या आत जाऊन दुसऱ्या सिस्टरना म्हणायच्या.

त्यांनी दोन्ही हात मांडीवर नीट ठेवले.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.