गुरुवारच्या टेबलाची जादा फळी

“माणसं वाढली तर टेबल वाढवा. कुणाला उठवू नका, कुणाला लांब बसवू नका.”

फळी झाल्यावर माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं बोलणं. बोलणारे होते सुतारकाका, आणि बोलता बोलता ते तळहाताने माझ्या कडेवरचा भुसा झटकत होते.

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. भिंतीवर डबे ठेवायची फळी नव्हे, टेबलाची जादा फळी. आमच्या चर्चच्या मागे एक सभागृह आहे आणि त्यात एक लांब टेबल आहे. ते मधोमध दुभंगतं आणि दोन्हीकडे सरकतं. मधे जी जागा होते, तिथे मला बसवतात. माझ्या कडेला लाकडी खुंट्या आहेत, टेबलाच्या कडेला त्यांच्या मापाची भोकं. खुंट्या भोकांत गेल्या की ‘टक्’ असा आवाज येतो आणि आणखी चौघांची ताटं मांडता येतात. पाचवाही मावतो, त्याने कोपरं आवरून घेतली तर.

त्याआधी मी चर्चमधल्या एका बाकाची पाठ होते. लोक मला टेकून उपासनेला बसत. त्यामुळे कितीतरी वर्षं मला माणसांच्या फक्त पाठीच ठाऊक होत्या. प्रवचन लांबलं की पाठ कशी हळूहळू घसरते, आणि कुणी रडू आवरत असेल तर कशी ताठ होते, ते मला कळायचं. पण चेहरा एकाचाही पाहिला नव्हता.

मग पाळकबाई आल्या. त्या म्हणाल्या, “रविवारी आपण एकमेकांच्या मानेकडे बघत बसतो आणि घरी जातो. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून जेवू या की!” ज्याला यायचं त्याने यावं, कोण कुठला ते विचारायचं नाही, असं ठरलं. मोडकळीला आलेले बाक सुतारकाकांच्या हवाली केले, त्यांचं टेबल झालं आणि उरलेल्या लाकडातून मी झाले.

काकांनी मला पहिल्यांदा बसवलं तेव्हा आणखीही एक गोष्ट बजावली. “ही फळी कधी अडकली, वाकली, तर मला सांगायचं. मी आहे तोवर दुसऱ्या कुणाचा रंधा हिला लावायचा नाही.”

“वचन?” पाळकबाईंनी हसत विचारलं.

“वचन.”

मित्रांनो, ते माझ्या सुखाचे दिवस होते. टेबल कधी रिकामं नसायचं. सोमवारी लोक फाटके कपडे आणि मोडक्या छत्र्या घेऊन दुरुस्तीला बसत. मंगळवारी मुलांचा अभ्यास. माझ्यावरचा शाईचा निळा डाग भूगोलाचा आहे. बुधवारी गाण्याचा सराव. आमच्या मंडळीची रीत तशी मोकळी. प्रवचन संपल्यावर कुणीही उठून “हे मला पटलं नाही” असं म्हणू शके आणि पाळकबाई ते लिहून घेत. गाणाऱ्यांत एक पोस्टमन होता. देव आहे की नाही, याची त्याला खात्री नव्हती. तरी सगळ्यांत मोठा आवाज त्याचा.

“खात्री नाही ना तुला? मग एवढ्या जोरात कशाला गातोस?” एकदा काकांनी विचारलं.

“खात्री नाही म्हणूनच, काका. ऐकू गेलं तर गेलं!”

आणि गुरुवार माझा. सूप, पाव, उकडलेले बटाटे. स्वयंपाकघर काकूंच्या ताब्यात, म्हणजे सुतारकाकांच्या पत्नीच्या. दाराकडे लक्ष ठेवायचं काम काकांचं. गर्दी झाली की ते चमचा खाली ठेवत आणि मला उचलत. नवीन माणूस संकोचून म्हणे, “राहू द्या हो, मी उभ्याने खाईन.” काका म्हणत, “उभ्याने घोडा खातो. बसा.”

अशाच एका गुरुवारी दोघीजणी आल्या. एक बस चालवायची, दुसरी दवाखान्यात नर्स होती. मंडळीने लगेच त्यांना बसताई आणि नर्सताई करून टाकलं. दोघी एका घरात राहत. पुढे त्यांनी आयुष्यभर सोबत राहायचं ठरवलं आणि पाळकबाईंनी सर्वांसमोर आपल्याला आशीर्वाद द्यावा, अशी इच्छा सांगितली. आमची रीत अशी की, असं काही असलं की सगळे टेबलाभोवती बसून बोलतात. त्या दिवशीही बसले. बहुतेकांचे चेहरे उजळले. काका मात्र पाव मोडत होते. मग म्हणाले, “मला एक सांगा, दोघी बायका एका घरात. मग भिंतीत खिळा कोण ठोकणार?”

“मीच!” बसताई म्हणाली. “बस चालवते मी, हातोडी नाही चालवता येणार?”

“सरळ ठोकशील?”

“बघायला या!”

सगळे हसले. काकाही हसले. मी त्यांच्या हाताखालीच होते, म्हणून मला ठाऊक आहे. ते मनापासून हसले होते.

आशीर्वादाचा दिवस उजाडला. सभागृह फुलांनी भरलं. फुलं आणि केक ठेवायला जागा पुरेना, तेव्हा कुणीतरी मला दोन स्टुलांवर आडवं टाकलं, भिंतीशी. मी नटले, मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? उपासना झाली. लोक जेवायला बसले. टेबल गच्च भरलं, हशा, भांड्यांचा आवाज. आणि काका उशिरा आले. केसांत भुसा, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. ते टेबलाजवळ उभे राहिले. एकदा या टोकाला पाहिलं, एकदा त्या टोकाला.

पोस्टमनने त्यांना पाहिलं. “अहो काका, बसा ना तिथेच भिंतीशी! ताट आणून देतो तुम्हाला!”

प्रेमानेच म्हणाला तो. ताटही लगेच आणून दिलं आणि पुन्हा आपल्या जागेवर गेला.

काका खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. ताट मांडीवर, कोपर माझ्यावर. समोर सगळ्यांच्या पाठी. त्यांचं बोट माझ्या कडेवरून फिरत फिरत खुंटीपाशी येऊन थांबलं. मला वाटलं, आता हे फुलं बाजूला करतील आणि मला उचलतील. पण त्यांनी दोन घास खाल्ले, ताट फुलांशेजारी ठेवलं, कापडातली ती वस्तू पुन्हा काखेत घेतली आणि निघून गेले. काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांना पत्ताही नव्हता.

त्यानंतर काका आले नाहीत. त्या गुरुवारी नाही, पुढच्या गुरुवारी नाही, रविवारीही नाही.

आता ऐका गंमत. ही मंडळी चांगली, दुसऱ्याला समजून घेणारी. म्हणून त्यांनी काकांनाही पटकन समजून घेतलं.

“जुन्या वळणाचा माणूस,” एक जण हळूच म्हणाला.

“वेळ लागतो अशांना. आपण रागवायचं नाही,” दुसरी म्हणाली.

“आठवतं ना, खिळा कोण ठोकणार म्हणाले होते?” पोस्टमनने मान हलवली. हसलेले सगळे आता त्या प्रश्नावर हसल्याचं विसरले होते.

पाळकबाई काकांच्या घरी जाऊन आल्या. तासभर त्या काळ कसा बदलतो त्याविषयी मायेने बोलल्या. काकांनी सगळं ऐकलं, चहा दिला आणि गुडघा दुखतो म्हणाले. हे काकूंनीच बटाटे सोलता सोलता सांगितलं. पण सांगताना त्यांची मान वर नव्हती. घरात काका एवढंच म्हणत, “तू जा. मला नाही करमत तिथे.” त्यामुळे लोक म्हणतात तेच खरं असेल, असं काकूंनाही वाटू लागलं होतं. नर्सताई त्यांना प्रेमाने जवळ घ्यायची, आणि काकू आणखीच अवघडायच्या.

माझं तोंड लाकडाचं. मी कुणाला सांगणार?

काका यायचे थांबले तसं मला उचलणारं कुणी उरलं नाही. माणसं वाढली की लोक भिंतीशी खुर्च्या मांडत. तीच सवय झाली. भिंतीशी बसलेला नवा माणूस पाठींकडे बघत जेवे आणि पुन्हा येत नसे. मी स्वयंपाकघरालगतच्या खोलीत, उघड्या दारासमोर, भिंतीला टेकून उभी राहिले. फक्त काकूंचा नेम चुकला नाही. रोज सकाळी त्या तिथे यायच्या, गुडघे टेकायच्या, ओठ हलायचे पण आवाज नसायचा. मग पदराने डोळे आणि कोरड्या फडक्याने मला पुसून जायच्या. त्या प्रार्थनेत काय मागत, ते मला त्यांच्या हातावरून कळायचं. त्या नेहमी काका बसत त्या बाजूने पुसायला सुरुवात करत.

पुढे काकूंची बहीण आजारी पडली आणि त्या तिच्याकडे राहायला गेल्या. नेमका तेव्हाच भिंतीतला नळ फुटला. पाणी झिरपत राहिलं, मी पीत राहिले. कुणाच्या लक्षात आलं तोवर मी वाकले होते, छातीशी गुडघे घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईसारखी.

त्या गुरुवारी गर्दी झाली. दारात एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. पोस्टमन सवयीने भिंतीशी खुर्ची मांडायला निघाला. बसताई म्हणाली, “थांबा, ती फळी होती ना आपली?” तिने मला ओढून आणलं. टेबल दुभंगलं, पण खुंट्या भोकांसमोर येईनात. पोस्टमनने बुक्की मारली. ‘टक्’ काही झालं नाही.

“राहू दे,” पाळकबाई म्हणाल्या. “प्लास्टिकचं एक छोटं टेबल घेऊन टाकू.”

“काकांकडे नेते,” बसताई म्हणाली.

“तू?” पोस्टमन म्हणाला. “अगं, तुझ्यामुळेच तर ते...” आणि त्याने जीभ चावली.

“म्हणून तर मीच नेते.”

तिने स्वतःची खुर्ची त्या लेकुरवाळीला दिली आणि उभ्याने जेवली. दुसऱ्या दिवशी गणवेशातच मला खांद्यावर घेऊन ती काकांच्या दारात उभी राहिली. काकूही त्याच दिवशी परतल्या होत्या. त्या आत चूल सारवावी तशा निगुतीने ओटा पुसत होत्या, कान मात्र बाहेर.

काकांनी आधी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

“पाण्यात बुडवली होती का हिला?”

“नळ फुटला, काका.”

“आणि तुमच्या डोळ्यांना काय झालं होतं?” त्यांनी मला तिच्या खांद्यावरून उतरवून घेतलं. बोट कडेवरून फिरवलं. “ठेव. बघतो.”

ती जायला वळली आणि थांबली. “काका, एक विचारू? मी नसते तर तुम्ही आला असतात ना गुरुवारी?”

“तुझा काय संबंध?”

“त्या दिवशी तुम्ही आमचा आशीर्वाद टाकून गेलात.”

“आशीर्वाद झाल्यावर आलो मी. उशीर झाला होता.” काका माझ्यावरून नजर न काढता बोलत होते. “तुमचं सगळं मला कळतं असं नाही, पोरी. खोटं नाही बोलणार. पण तुला सूप वाढताना कधी हात आखडला का माझा?”

“नाही.”

“मग? ही फळी मी कशासाठी केली होती? फुलं ठेवायला? मी दारात उभा, आणि माझ्याच टेबलावर मला जागा करायला एक माणूस हलला नाही. म्हणे बसा भिंतीशी! ताट मांडीवर घेऊन जेवलो मी. पाव्हण्यासारखा. पाव्हण्याला तरी आत बसवतात.”

आत ओट्यावरचा हात थांबला.

“आम्हाला वाटलं...” बसताई म्हणाली.

“काय वाटलं?”

तिने सांगितलं नाही. पण तिचे डोळे भरले आणि काकांना कळलं. त्यांनी मला अलगद खाली ठेवलं. मग म्हणाले, “एवढ्यांपैकी एकाने तरी विचारायचं होतं.”

“तुम्ही तरी सांगायचं होतंत!” काकू दारात येऊन उभ्या होत्या. फडकं हातातच होतं. “इतके दिवस मान खाली घालून बसले मी त्या टेबलाशी. एका खुर्चीपायी?”

काकांच्या हाताशी रंधा होता, तो त्यांनी उगाच उलटा करून ठेवला. मग बसताईला म्हणाले, “गुरुवारी आणतो म्हणून सांग. वचन आहे माझं.”

त्यांनी माझी खोलगट बाजू ओल्या कापडावर ठेवली आणि वर दगड रचले. मित्रांनो, त्या ओझ्याखाली पडल्या पडल्या मी पुष्कळ विचार केला. तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी असेल, कपाटामागे, माळ्यावर, रोज न लागणारं. त्याला कोरडं ठेवा, अधूनमधून हात फिरवा. आणि तुमच्या टेबलावरून कुणी उठून गेलं, तर ते का गेलं हे आपल्या मनाने ठरवू नका. त्याला बसवलं कुठे होतं, ते आधी बघा. एवढंच माझं मागणं आहे.

मी सरळ झाले. काकांनी हलक्या हाताने रंधा फिरवला, खुंट्या घासल्या, पॉलिशकागद मारला. भूगोलाचा डाग मात्र तसाच ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी काकू पुढे गेल्या, सूप चढवायला. काकांनी हात धुतले, केसांतला भुसा झटकला. मग फडताळातून कापडात गुंडाळलेली ती वस्तू काढली आणि उघडली. शिसवी लाकडाची पट्टी होती, त्या दोघींच्या दाराशी लावायची, कोट अडकवायला दोन खुंट्या असलेली. दोन्ही खुंट्या अगदी एका मापाच्या. त्यांनी तिच्यावरची धूळ पुसली, ती पुन्हा गुंडाळून काखेत घेतली आणि मला दुसऱ्या खांद्यावर टाकलं.

दार ओढता ओढता ते थांबले. आत जाऊन चार खिळे खिशात टाकले. हातोडी समोरच टांगलेली होती. तिला त्यांनी हात लावला नाही. दार लोटलं आणि आम्ही निघालो.