दुधाच्या रांगेतलं वासरू

आमच्या संशोधन गोठ्यात वासरांच्या दोन रांगा आहेत. एक नुसत्या दुधावरची, दुसरी दुधाबरोबर भरडा खाणारी. वासराच्या पोटात जे जातं, ते पचवणारे रस त्याचं शरीर हळूहळू तयार करायला लागतं. दूधच मिळालं तर दुधाचे, धान्य मिळालं तर धान्याचे. कधी आणि किती, एवढंच आमच्या मॅडमना शोधायचंय. त्यासाठी ठरलेल्या वयाला प्रत्येक रांगेतलं एक वासरू कापतात आणि त्याचं पोट, स्वादुपिंड माझ्या टेबलावर येतं. मी प्रयोगशाळेत काम करते.

वासरं सांभाळायला माझे धाकटे दीर आहेत. दुधावरच्या वासरांनी खालचं गवत चघळू नये म्हणून त्यांना मुसकं बांधायचं, दूध पाजताना काढायचं, हे त्यांच्याकडे. माझा नवराही इथेच, दूध काढायच्या मशीनवर होता. उन्हाळ्यात गेला. पोटाचा कॅन्सर. कळला तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. आता मी आणि भाऊजी एकाच गाडीवरून कामाला येतो आणि वाटेत फारसं बोलत नाही. लोक मला खंबीर म्हणतात. खंबीर कसली डोंबलाची. मला काही वाटतच नाही, एवढंच. डबा उघडते, संपवते. काय खाल्लं विचाराल तर सांगता यायचं नाही.

आज दुधाच्या रांगेतलं तपकिरी वासरू कापलं. भाऊजींच्या शर्टाची बटणं चोखायचं, ते. नुसत्या दुधावरच्या वासराचं चार पोटांपैकी पहिलं पोट लहान, फिकट, आतून गुळगुळीत असतं. हे चांगलं मोठं निघालं, काळपट, आतून टॉवेलसारखं खरखरीत. तळाशी मूठभर ओला भरडा होता.

मुसक्यातून भरडा जात नाही.

भाऊजी त्या वासराचा रिकामा कप्पा धूत होते. मी काय पाहिलं ते सांगितलं. त्यांनी पाइप बंद केला आणि मुसकं काढून भरडा चारल्याचं आढेवेढे न घेता कबूल केलं. ज्याचा आहार बिघडला ते वासरू प्रयोगाच्या कामाचं राहत नाही. मग ते कापत नाहीत, विकून टाकतात. त्यांचं गणित बरोबरच होतं. फक्त आहार बिघडलाय हे आधी कुणाला तरी सांगायला हवं होतं. रोज सांगायचं ठरवायचे म्हणे, पण नोकरीच्या भीतीने जीभ रेटायची नाही. शेवटी वाटलं, वहिनींच्या तपासणीत कळेलच.

“माझी तपासणी कापल्यावर असते, भाऊजी.”

“आधी सांगितलं असतं तर?”

खोटं बोलता आलं असतं. “वगळलं असतं,” मी म्हणाले.

ते ओल्या फरशीवरच बसले.

“दादाचंही मला ठाऊक होतं, वहिनी. कितीतरी महिने पोटात दुखायचं त्याच्या. मशीनमागे जाऊन ओकायचा. घरी बोलू नकोस म्हणाला. मी नाही बोललो.”

मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, आला नाही. त्याच्या शर्टांना आंबूस वास यायचा आणि मी साबण बदलला होता, तेवढं आठवलं.

“अजून कुणाला चारता?” मी विचारलं.

त्यांनी शेवटच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. उद्या त्याचीच पाळी होती.

मॅडम अजून गेल्या नव्हत्या. भाऊजी जागचे हलेनात. मी दंडाला धरून त्यांना उठवलं. त्यांची नोकरी राहणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. केबिनचं दार मी वाजवलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी भाऊजींकडे. मी तोंड उघडायचं नाही, हे मनाशी पक्कं केलं होतं.

शेवटी भाऊजी बोलले. “शेवटच्या कप्प्यातल्या वासराला मी भरडा चारतो. ते कापू नका.”

“एवढंच तर बोलायचं होतं तेव्हा,” मी म्हणाले, आणि मॅडमसमोर ओक्साबोक्शी रडायला लागले.