निळी फुफ्फुसं

आजार माणसाला आतून कसा दिसतो, यावर ती पीएचडी करत होती. खोकल्याच्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती कागद आणि रंगीत खडू द्यायची आणि म्हणायची, "तुमची फुफ्फुसं काढा." गंमत म्हणजे जो तो ती निळीच रंगवायचा. निळं म्हणजे आभाळ, निळं म्हणजे मोकळा श्वास, असं करत तिने अख्खं प्रकरण लिहून काढलं. मार्गदर्शक बाईही खूश झाल्या.

मग एकदा खुर्ची मिळाली नाही, म्हणून ती पेशंटांच्या बाकावर टेकली. समोरच्या भिंतीवर फुफ्फुसांचं जुनं पोस्टर होतं. उन्हाने त्यातला लाल रंग केव्हाच उडाला होता, निळा तेवढा उरला होता. काखेत कळसा, गावाला वळसा. तिला स्वतःचा राग आला आणि हसूही. तिने पोस्टर काढून गुंडाळून ठेवलं.

पुढचे पेशंट होते एक तिरसट आजोबा. खडू घेऊन ते रिकाम्या भिंतीकडे बघत बसले.

"चित्र कुठे गेलं? आता बघून काय काढू?"

"आजोबा, फुफ्फुसं तुमच्याजवळच आहेत की."

"काहीतरीच तुझं," असं पुटपुटत त्यांनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेतला. मग उजवं फुफ्फुस पिवळं रंगवून खडू खाली ठेवला.

"डावं राहिलं," ती म्हणाली.

"राहिलं नाही. तिथे श्वास गेलेला कळतच नाही."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी कुठे विचारलं?"

तिने एव्हाना रिकामी झालेली एक खुर्ची उचलली, त्यांच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली आणि वही उघडून विचारलं, "कधीपासून?"