बंद घराचं शून्य

जगात किती माणसांना मेंदूच्या ऑपरेशनची गरज आहे, हे कुणा शहाण्यांना मोजायचं होतं. मोजा की. पण मुहूर्त काढला तो ऊसतोडीच्या ऐन हंगामातला. आमच्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात तेव्हा निम्म्या दारांना कुलपं असतात.

मी गावची आशाताई, त्यामुळे फॉर्म माझ्याच गळ्यात. घरात कुणाच्या डोक्याला मार लागलाय का, फिट येते का, मेंदूत गाठ निघालीय का, हे विचारायचं. कुलपाला काय विचारू? आमचे साहेब विठ्ठलराव म्हणाले, शून्य लिहा आणि पुढं चला. मी मुकाट लिहिलं, एकसष्ट घरांना एकसष्ट शून्यं. त्यात माझी धाकटी बहीण भिवरा, तिचंही घर आलं.

मी तिच्या दारात शून्य लिहीत होते, तेव्हा भिवरा सांगलीकडं एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बेशुद्ध पडून होती. भरल्या ट्रॉलीवरून डोक्यावर आपटली होती. मेंदूचा डॉक्टर तिथं नव्हता, पुढच्या दवाखान्यातही नव्हता. तिसऱ्याच्या फाटकातच तिचा जीव गेला.

पाडव्याला मेहुणा रामहरी एकटाच परतला. मी त्याला घेऊन तडक विठ्ठलरावांकडं गेले. भिवराचं नाव चढवा म्हटलं. ते म्हणाले, आकडे वर पाठवून झाले, आणि पडली तिकडं तर तिकडच्यांनी लिहावं. तिथल्या तिथं मी तिकडं फोन लावला. तिकडचे म्हणाले, बाई आमच्या जिल्ह्यातली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऊस तोडताना ती तिकडची, मरताना इकडची, आणि मोजताना कुठलीच नाही?" मी टेबलावर हात आपटला. विठ्ठलरावांनी चहा मागवला. मला तो कप त्यांच्या अंगावर ओतावासा वाटला.

रामहरी बाकावर बसला होता. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात.

"ती गेल्यावर मुकादमानं मला अर्धा कोयता लावला," तो म्हणाला. "म्हंजी तिला अर्धं तरी धरलतं. आक्का, तुमच्या कागदात ती किती हाय?"

मी माझ्याच अक्षरातलं पान काढून त्याच्यापुढं धरलं. रामहरीला वाचता येत नाही. शून्य तेवढं ओळखता येतं.