सरदारभाईची थापड

बोट धरणाच्या ऐन मधात आली आणि तापमानाची सुई लाल पट्ट्याकडे सरकू लागली. बोट चालवणाऱ्या सरदारभाईला मनातून बरं वाटलं.

कालच मच्छीमार सोसायटीनं आपली ही बोट दुरुस्त करायला यवतमाळहून सादला बोलावलं होतं. साद एके काळी सरदारभाईच्याच हाताखाली शिकलेला. बोटीच्या सगळ्या सुया कित्येक वर्षं वेड्यासारख्या नाचायच्या. सरदारभाई सुयांच्या पाटीवर एक थापड द्यायचा की खाली बसायच्या. पलीकडच्या गावी जाणारी माणसं कौतुकानं बघायची. सादनं मात्र नुसतं पाहून सांगितलं की सुया एकदमच नाचतात, तेव्हा खोट सुयांत नाही, अर्थिंगमध्ये आहे. गंजलेलं टोक घासलं, नवी वायर टाकली, झालं. अध्यक्षांनी त्याला चहा पाजला आणि बोटीवरच कामाला राहतोस का, म्हणून विचारलं. तो प्रश्न रात्रभर सरदारभाईच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतून होता.

"पाहा," तो मागं वळून म्हणाला, "नवी वायर टाकली म्हनतेत. सुई तं अजून नाचूनच राह्यली."

त्यानं थापड मारली. सुई हलली नाही. पुन्हा मारली. कीर्तनाला निघालेला उकंडा मांडीवरची वीणा सावरत हसला, "भाऊ, आज तुही दवा लागू पडून नाही राह्यली." सगळी बोट हसली.

मागं बसलेला साद जवळ सरकला. हलक्या आवाजात म्हणाला, "चाचा, सुई खोटी नाही. इंजन खरंच तापलं. बंद करा."

"मले शिकवतं कायले?"

मत्सर हा घरातलाच चोर. आधी दिवा विझवतो. जळक्या रबराचा वास सरदारभाईच्या नाकाशी आला होता, तरी त्यानं इंजिन आणखी रेटलं. मग ते खोकललं, धूर ओकलं आणि बंद पडलं. कीर्तनाला निघालेल्या बायांचे टाळ थांबले.

काय झालं, म्हणून उकंडानं विचारलं. सरदारभाई तोंड उघडायच्या आत साद बोलला, "माहीच चूक, काका. वायर बराबर बसली नसन."

लोक सादवर कुरकुरले. बायांतली रुखमाबाई म्हणाली, जुनं ते जुनंच. सरदारभाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण काळीज जास्तच जळलं. बोट तर हा नेणारच. आता मोठेपणाही यानंच न्यावा?

तो बोटीच्या मागच्या टोकाला गेला. पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून त्यानं इंजिनला गार पाणी नेणाऱ्या नळीची जाळी चाचपली. ओंजळभर शेवाळ निघालं. ते त्यानं सगळ्यांच्या मधोमध फळीवर ठेवलं.

"सुई खरं बोलून राह्यलती. म्याच आयकलं नाही."

जळलेलं इंजिन आता सुरू होणार नव्हतं. त्यानं सादला सुकाणूपाशी बसायला खुणावलं आणि स्वतः वल्हं घेतलं. पलीकडच्या काठावर मृदंग सुरू झाला होता. वल्हं एकच, त्यामुळे बोट सारखी एका अंगाला वळू पाहत होती. साद सुकाणू उलट बाजूला धरून तिला सरळ ठेवत होता.